रिकाम्या बाकांना शाब्बास

फुलपाड्याच्या त्या शाळेत मधली सुट्टी झाली की जयवंत सरांच्या वर्गातून एक गोड आवाज यायचा. "मुलांनो, सांगा बरं, समुद्राचं पाणी खारट का असतं?" मग आवाज जरा थांबायचा आणि म्हणायचा, "शाब्बास!" बाकांवर चिटपाखरू नसायचं. स्मार्ट बोर्डावरचा व्हिडिओ तो. सर तो लावून डबा खायला निघून जायचे. शेजारच्या वर्गाच्या यमुनाबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडातला घास तोंडातच फिरला.

शाळेत बोर्ड एकच. तो महिना-महिना प्रत्येक वर्गात फिरवायचा, मग ज्याचा वापर जास्त त्याच्या वर्गात तो राहील, असा मुख्याध्यापिका लीलाबाईंचा हुकूम. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. वापर मोजायचं काम बोर्ड स्वतःच करायचा. व्हिडिओ किती मिनिटं चालला ते आपलं आपण वर शिक्षण खात्याला कळवायचा. समोर पोरं बसलीत का भिंतीवर पाली, ते त्याला काय ठाऊक!

यमुनाबाई मिठागरवाल्यांच्या घरच्या. पाण्याला पानीच म्हणायच्या, आणि गावची ती बोली घासून काढावी असं त्यांना जन्मात वाटलं नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेल्या, तर एक गुळगुळीत साहेब दिवसभर पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवतोय. वाक्यं काय, तर 'मुलांना नुसतं ऐकवू नका.' मागचे शिक्षक मोबाइलवर साड्या बघत जांभया देत होते. बाईंना शिसारी आली. पण जेवणाच्या वेळी त्या साहेबाला गाठून व्हिडिओ बोटानं थांबवायचा कसा, मागं न्यायचा कसा, तेवढं त्यांनी शिकून घेतलं.

मग त्यांचं सगळं शिकवणं त्या थांबवण्यावर उभं राहिलं. चित्रातलं अंडं मिठाच्या पाण्यावर धरलं रे धरलं, की बाईंचं बोट बोर्डावर. "बुडेल का तरंगेल? आनि का?" पोरं हमरीतुमरीवर यायची. भांडण चांगलं रंगलं की मगच अंडं पाण्यात पडायचं. पण थांबलेला व्हिडिओ बोर्ड मोजणीत धरायचा नाही. बाईंच्या पाळीचा महिना सरला, मिनिटं सरांचीच जास्त भरली आणि बोर्ड बाईंच्या वर्गातून उचलून जयवंत सरांच्या भिंतीला लागला.

बाई मोठ्या बाईंकडं गेल्या. "माझी पोरं आत्ता कुठं तोंड उघडायला लागलीत. बोर्ड परत द्या."

"मग तुम्हीपण लावायचा होता की सुट्टीत. कोण बघतंय? पुढच्या पाळीला तसं करा, राहील तुमच्याकडं."

"बाकड्यांना शिकवू?"

"अहो, वर आकडा जातो. पोरं नाही जात."

आकडा म्हणताना मोठ्या बाई बिस्किट चहात बुडवत होत्या.

दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली. "चला रे, डबे उचला," म्हणत त्यांनी आपला अख्खा वर्ग जयवंत सरांच्या खोलीत नेऊन बसवला. गोड आवाज चालूच होता. बाईंनी व्हिडिओ मागं नेला आणि अंडं पाण्यावर आल्यावर थांबवला.

आवाज बंद पडला तसे सर चपातीचा तुकडा हातात घेऊन धावत आले. "अहो बाई, थांबवू नका! मिनिटं तुटतात माझी!"

"तुटू दे. जोडत बसा घरी."

"बोर्ड माझ्या वर्गाचा आहे."

"वर्ग कुठाय तुमचा? मैदानात धूळ खातोय. आनि बोर्ड काय सासऱ्यानं दिलाय?"

पोरं खिदळली. उन्नती भरल्या तोंडानं म्हणाली, "बाई, बुडणार! अंडं जड असतं."

"पाण्यात मीठ आहे ना! तरंगणार!" वेदांत ओरडला.

"मग मिठानं अंडं हलकं होतं काय रे?" उन्नती म्हणाली.

गलका ऐकून मैदानातली पोरं आत घुसली. त्यांना बघून सर उखडले. "तुम्ही काय करताय इथं?"

"सर, हा आमचाच वर्ग आहे," एक जण म्हणाला आणि बाकावर सरकून बसला.

सरांचा मिनिटांवरचा जीव काही सुटेना. व्हिडिओ चालू करायला त्यांनी भाजीच्या तेलानं माखलेलं बोट बोर्डाकडं नेलं, तशी दोन्ही वर्गांची पोरं एकदम किंचाळली, "सर, थांबा! अजून ठरलं नाही!"

बोट हवेतच राहिलं. यमुनाबाईंनी त्या पिवळ्या बोटाकडं नाक मुरडून पाहिलं.

"आधी हात धुऊन या," त्या म्हणाल्या.

सर नळाकडं गेले. आत भांडण चालूच होतं.