दोन शिंदे आणि सायलसचा दगड

इथे आखातात, अल बर्शातल्या एका बिल्डिंगवर माझी सध्याची पोस्टिंग आहे. पोस्टिंग म्हणायची सवय जात नाही. कंपनीच्या कार्डावर सिक्युरिटी सुपरवायझर असं लिहिलंय. पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झालो, मुलाकडे डिस्कव्हरी गार्डन्सला आलो आणि सुनेच्या पायात पायात यायला नको म्हणून ही नोकरी धरली. सकाळी सहाला ड्युटी चालू. गाड्या, लिफ्ट, टँकर, डिलिव्हरीवाले.

डोरथी मॅडम सातव्या मजल्यावर मुलाकडे राहतात. अमेरिकन, वय ऐंशीच्या घरात. बाहेर ऊन मी म्हणत असतं, म्हणून त्या लॉबीतच फेऱ्या मारतात आणि दमल्या की माझ्या टेबलासमोर बसतात. मला सार्जंट म्हणतात. आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला घेतला होता आणि पणजोबांपाशी अडल्या होत्या.

पणजोबा सायलस. ओहायोतल्या एका लहान गावात खोगिरं शिवायचा. गुलामगिरीवरून तिकडे आपसात युद्ध जुंपलं तेव्हा गावची पोरं एकाच कंपनीत भरती झाली. एका चकमकीनंतर सायलस सापडेना. गावाने त्याला मेलेला धरलं, चौकात दगड उभारला आणि इतरांबरोबर त्याचंही नाव कोरलं. सायलस शत्रूच्या कैदेत होता. युद्ध संपल्यावर हाडांचा सापळा होऊन चालत गावात आला. माझं नाव काढा म्हणाला. कोरणाऱ्याने सांगितलं, घासलं तर दगडाला खड्डा पडेल. गावाने नाव राहू दिलं. दरवर्षी मेलेल्यांची नावं मोठ्याने वाचली जायची, त्यात याचंही. हा मागे टोपी काढून उभा. ज्यांची मुलं खरंच गेली होती त्या घरांनी त्याच्याकडून पुन्हा खोगीर घेतलं नाही.

"मुलगा म्हणतो, लढाईत मेले असंच लिही. तेच शोभतं," मॅडम म्हणाल्या.

"मग तुम्ही कुठून आलात, मॅडम?"

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "सार्जंट, गाव एवढं दुष्ट कसं होतं?"

गेटवर टँकरवाला पठाण ओरडत होता, "यल्ला भाई, गेट खोलो." गेट उघडून परत आलो.

"त्यांचं त्याच्यासाठी रडून झालं होतं," मी म्हणालो. "आमच्या गावातही झालंय."

मग त्यांना सांगितलं ते असं.

आमच्या कंपनीत माझ्या गावचे दोन शिंदे होते, मी आणि नामदेव. पलटणीत एका आडनावाचे ढिगाने सापडतात, म्हणून आर्मी नंबरचे शेवटचे दोन आकडे लावून हाक मारतात. मी शिंदे अठरा, तो शिंदे एकसष्ट. डोंगरातल्या एका पिकेटवर, म्हणजे चौकीवर होतो. पहाटे पेट्रोल म्हणजे गस्त, मग खालून रेशन आणणं, दुपारी हत्यारसफाई, रात्री संत्री म्हणून पहारा. त्या सकाळी मला रेशन पार्टीत टाकलं आणि नामदेवला पेट्रोलमध्ये. नाल्यात फायर सुरू झाला तेव्हा मी खाली रेडिओ सेटजवळ होतो.

"एक कॅज्युअल्टी. शिंदे इकसठ. ओव्हर."

"हालत बताओ. ओव्हर."

"नहीं रहा, साब."

घरी कळवायची रीत ठरलेली असते. पलटणीकडून रेकॉर्ड ऑफिस, तिथून जिल्हा, मग घरी माणूस जातो. पण पलटणीच्या टेलिफोन एक्सचेंजवर आमच्या शेजारच्या गावचा जवान होता. त्याला राहवलं नाही. त्याने सरपंचांना फोन लावला, तुमचा शिंदे एकसष्ट गेला. सरपंचांना त्या आकड्यातलं काय कळणार? नामदेव ट्रेनिंगच्या कोर्सला गेलाय एवढं गावाला ठाऊक. कोर्स रद्द झाल्याचं त्याने घरी कळवलंच नव्हतं. म्हणजे डोंगरावर उरलो मी. सरपंच थेट आमच्या दारात गेले.

माझ्या बायकोला, सुशीलाला, सावरायला सगळ्यांत आधी धावली ती नामदेवची आई, अनसूयाकाकू. तिनेच सुशीलाचं कुंकू पुसलं, उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. रात्रभर तिचं डोकं मांडीवर घेऊन आक्रोश केला. दुसऱ्या दिवशी तहसीलचा माणूस जीप घेऊन आला आणि त्याने घर विचारलं ते काकूचं. निरोप तिला आमच्याच अंगणात मिळाला.

शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून शक्यतो गावचाच माणूस देतात. मला दिलं. पेटी काकूच्या दारात उतरवली, तिरंगा नीट केला, सावधान उभा राहिलो. काकूने पेटीकडे पाहिलंच नाही.

"तुझ्यासाठी रडून बसले रे," ती मला म्हणाली. "आता ह्याच्यासाठी कुठनं आणू?"

मग ती आमच्या घरी गेली आणि सुशीलाला दंडाला धरून घेऊन आली. सुशीलाचे हात अजून मोकळेच होते. नामदेवची बायको लता भिंतीला टेकून बसली होती, हातात हिरवा चुडा.

"मी तुझ्या फोडल्या," काकू म्हणाली. "आता हिच्या तू फोड."

"काकू, मला नाही जमायचं."

"तुझा उभा आहे तिथं. जमंल."

कोणी मधे पडलं नाही. सरपंच नाही, माझी आईही नाही. मी वर्दीत होतो, सावधान होतो. सुशीलाने एक हात आपटला. दुसरा तिच्याच्याने होईना, तो लताने स्वतः आपटला. मी खांदा द्यायला पुढे झालो तर काकूने अडवलं. "ज्याचं सुतक धरलं, त्याचा खांदा नको." मी पेटीमागून चालत गेलो.

त्यानंतर सुशीलाला गावात कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. काकू मरेपर्यंत आमच्याशी बोलली नाही. मला त्या बाईचा आजही राग येतो आणि राग आला की स्वतःची लाज वाटते.

डोरथी मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "तुमचा नामदेव कसा होता?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. गाव आधी माझ्यासाठी रडलं, मग माझ्यावर चिडलं, आणि या गोंधळात नामदेव राहूनच गेला. मी सांगितलं. चिडका होता. पत्त्यांत लबाडी करायचा. पिकेटवर पिठलं त्याच्यासारखं कोणाला जमायचं नाही, आणि चांगलं झालंय म्हणेपर्यंत तो समोरून हलायचा नाही.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नामदेवसाठी, फक्त नामदेवसाठी रडणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.