दोन्ही हात डावे

लीना क्योडेलबाईंना ऑस्कर खरं तर फारसा ओळखतच नव्हता. वीस वर्षं तो त्यांची टोपली जर्मनीतल्या सोनेबर्गच्या खेळण्यांच्या कारखान्यात पोचवायचा, एवढंच. त्या घरी बसून हातपाय फिरणारी कापडी अस्वलं शिवायच्या. पोटाला चेन लावली की त्याचीच पर्स.

एका शनिवारी अस्वलाचे दोन्ही हात डावे निघाले. दुसरा हात कापताना साचा उलटा ठेवायला बाई विसरल्या होत्या, महिन्यात तिसऱ्यांदा. कारखान्याच्या मुकादमाला कळलं असतं तर काम गेलं असतं, आणि कामावाचून बाईंना कोणी नव्हतं.

"बाई, हे आज नेत नाही," तो चाचरत म्हणाला.

"का रे? डावखुरं चालत नाही तुझ्या मुकादमाला?" बाई हसल्या.

या चुकीबद्दल दोघं इतकंच बोलले, नंतर कधीच नाही.

"ठेव तिथे. सोमवारी उसवते."

"सोमवारी येतो, बाई."