मुरमावरची आमची पोरं

समोरच्या संघाची उणीदुणी काढताना माणसं किती जवळजवळ बसतात! कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये पाचजण एका टेबलावर वाकून शनिवारच्या फुटबॉल सामन्याबद्दल बोलत होते. समोर येणारा संघ माझ्या जुन्या, तालुक्याच्या कॉलेजचा होता. एम.ए.साठी या शहरात येऊन मला तीन महिने झाले होते. चहाला अजून कुणी हाक मारली नव्हती.

"त्यांचा गोली म्हणजे भिंत आहे, लेका."

"असू दे की! बॅक बघितलास का? म्हशीगत वळतोय."

हसता हसता एकाने माझ्यासाठी खुर्ची ओढली. "भावा, तू तिकडचाच ना? ये, बस. काय कच्चं आहे त्यांचं?"

मला ठाऊक होतं. आमची पोरं मुरमावर खेळतात, गवतावर सरपटत येणारा चेंडू त्यांना कळत नाही. त्या मैदानातले खडे मीही वेचले होते. आमच्या घरातला पहिला पदवीधर, म्हणजे मी, त्याच कॉलेजने घडवला.

"दमत नाहीत ती," एवढंच मी म्हणालो.

"हे कच्चं व्हय?" ते हसले आणि पुन्हा आपापसात वाकले. माणसांत बसायला मिळावं म्हणून माणूस काय काय सांगून टाकत असेल, असं वाटत राहिलं.

शनिवारी मी पाहुण्या संघाच्या बाजूला उभा राहिलो. तिकडे प्रेक्षक म्हणून मी एकटाच होतो.