ली ग्रुप्सचा गृहपाठ

सरांनी माझा गृहपाठ चिमटीत धरून वर उचलला. बाकीच्यांचे कागद वाटून झाले होते. वर्गात आम्ही सहा जण. सगळे बघत होते.

"हे कुणी करून दिलं?" सरांनी विचारलं.

"मी केलंय सर."

"पुस्तकात ही पद्धत नाही. आणि पुस्तक तुला मिळालेलं नाही, हे मला माहीत आहे. मग हे आलं कुठून?"

मी पुन्हा म्हटलं, मीच केलंय. सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. हसत म्हणाले, "तुमच्यात हे कुणाला सुचणं शक्य नाही."

तुमच्यात.

त्या वर्गात 'तुमच्यात'ली मी एकटीच होते. सरांनी लाल पेनने कागदावर आडवी रेघ मारली, खाली शून्य काढलं आणि कागद टेबलाच्या कडेला सरकवला. हातात दिला नाही. मी उठून तो घेतला आणि जागेवर येऊन बसले. तास पुढे सुरू झाला.

एम.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं. ऐंशी साल नुकतंच मागे पडलेलं. विषय गणित, त्यातला ऐच्छिक पेपर ली ग्रुप्स. अवघड म्हणून मुलं तो घ्यायची नाहीत. मी मुद्दाम घेतला. वस्तू फिरवणं, सरकवणं अशा ज्या क्रिया कुठेही न तुटता, सलग होतात, त्यांचं गणित. मला ते पहिल्यापासून आवडलं. कशासाठी उपयोग, असं वडील विचारायचे. मला सांगता यायचं नाही.

पहिल्या दिवशी सरांनी नियम सांगितले होते. दर सोमवारी गृहपाठ मिळणार. त्याआधी नेमून दिलेलं वाचन झालेलं पाहिजे. एकमेकांशी बोललात तर चालेल, उतरवलेलं चालणार नाही. प्रत्येक पायरीला कारण पाहिजे. 'हे स्पष्टच आहे' असं लिहिलं तर शून्य. गृहपाठाचे गुण शेवटच्या निकालात धरणार. मला ते नियम फार आवडले. शाळेपासून उभं राहून जात सांगत आले होते. वाटलं, इथे आता फक्त कारण मागतील.

वाचन ज्या पुस्तकातून नेमलं होतं ते परदेशी. लायब्ररीत एकच प्रत, ती सरांच्या नावावर. सर ती घरी ठेवत. रविवारी सकाळी सगळ्यांनी त्यांच्या बंगल्यावर जायचं आणि तिथे बसून वाचायचं. पहिल्या रविवारी मीही गेले. सरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठे राहतेस, वडील काय करतात. मी सांगितलं. वडील सातपूरला कंपनीत, प्रेस मशीनवर. वस्तीचं नाव सांगितलं. ते नाव ऐकलं की नाशिकमध्ये पुढचं काही विचारावं लागत नाही. सर नुसते 'हं' म्हणाले.

पुढच्या शनिवारी मला व्हरांड्यात थांबवून म्हणाले, की घरात चार मुलं असतात, त्यात मुलीनं येणं बरं दिसत नाही, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. मी मान हलवली. वैदेही जात राहिली. वैदेहीही मुलगीच होती.

मी पुस्तक एका दिवसासाठी मागून पाहिलं. खराब होईल, म्हणाले.

वैदेही माझी मैत्रीण. तेव्हा तसं मी समजत होते. ती सोमवारी लेडीज रूममध्ये डबा खाताना मला तोंडी सांगायची, काल काय वाचलं. व्याख्या सांगायची, प्रमेयात काय म्हटलंय ते सांगायची. सिद्धता तिला आठवायच्या नाहीत. त्या मी बसवायचे. जमलं तर जमलं.

शून्य मिळालं त्या आठवड्याचा प्रश्न असा होता. ग्रुप एकसंध असेल, तर त्याच्या आरंभबिंदूभोवतीचा कितीही लहान तुकडा घ्या, त्यातल्याच घटकांच्या गुणाकारांनी सगळा ग्रुप तयार होतो, हे दाखवा. पुस्तकात त्याला एक चलाख वाट आहे. दोन ओळींत संपते. मला ती माहीत नव्हती. मी काय केलं, आरंभबिंदूपासून हव्या त्या घटकापर्यंत एक वाट काढली आणि तिचे इतके बारीक तुकडे पाडले, की एका तुकड्यावरून पुढच्यावर जाणं त्या लहानशा भागातच मावावं. मग सगळे तुकडे जोडले. पानभर झालं. प्रत्येक पायरीला कारण लिहिलं. वैदेही शेजारी बसून बघत होती. तिला समजलं तेव्हा तिनं माझ्या पाठीवर थाप मारली.

पुस्तक दिलं नाही म्हणून मला वेगळी वाट शोधावी लागली. वेगळी वाट सापडली म्हणून मी चोर ठरले.

तास संपल्यावर सरांनी मला विभागात बोलावलं. आवाज मऊ होता. म्हणाले, मला कुणाचं नुकसान करायचं नाही. तू एवढंच लिहून दे, की हा गृहपाठ दुसऱ्याकडून करून घेतला होता. मी प्रकरण मिटवतो. पास होण्यापुरते गुण देतो. ते लिहून देईपर्यंत मात्र वर्गात बसू नकोस.

घरी सांगितलं. वडील पहिल्या पाळीहून आले होते, भिंतीला टेकून चहा घेत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देऊन टाक बाई लिहून. दोन वळीनं काय व्हतं. डिग्री हातात येऊ दे."

मी काही बोलायच्या आत आई चुलीपुढून उठली. आई इगतपुरीकडची. घरात तिचा आवाज फारसा चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही.

"यांनी बी लिहून दिलं व्हतं," ती मला म्हणाली. "मशिनीत बोटं गेली तव्हा. माझ्याच चुकीनं गेली, असं लिहून घेतलं सायबानं. मिटंल म्हनून यांनी सही केली. इचार त्यांना, मिटलं का?"

वडिलांच्या उजव्या हाताची बोटं अर्धी होती. लहानपणापासून बघत आले होते. अपघात झाला, एवढंच मला माहीत होतं. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला असलेला पुढचा आडोसा आठवडाभर मोडलेला होता, वडिलांनी दोनदा सांगितलं होतं, कुणी बसवला नव्हता, हे आईनं त्या संध्याकाळी सांगितलं. वडील जमिनीकडे बघत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. थोड्या वेळानं कप खाली ठेवला आणि बाहेर गेले.

मला तेव्हा सरांचा राग आला नाही. तो नंतर आला. आधी मला दिसलं, की हे काम कसं चालतं. मोडलेलं त्यांचं. बोटं आमची. आणि चूक कबूल करायची तीही आम्हीच, आमच्याच हातानं लिहून. एकदा लिहून दिलं की पुढे कुणाला काही विचारायची गरजच नाही.

दुसऱ्या दिवशी विभागात गेले. सर खुर्चीत. वैदेही आणि दोन मुलं काही विचारायला आली होती. सरांनी कोरा कागद पुढे केला, पेनही दिलं.

मी म्हटलं, "मी लिहिणार नाही. हाच प्रश्न आत्ता मला विचारा. नाहीतर दुसरा द्या."

"परीक्षा कधी घ्यायची ते मी ठरवतो," सर म्हणाले.

"मग तुम्ही लिहून द्या, की पुस्तक सगळ्यांना दिलं आणि मला दिलं नाही."

सरांचा चेहरा बदलला. मला बाहेर जायला सांगितलं. मी वैदेहीकडे पाहिलं. तिनं ते पान माझ्या हातून उतरताना पाहिलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ती टेबलावरची काच बघत राहिली.

जिन्यात तिनं मला गाठलं. म्हणाली, "मला पुढे संशोधनाला जायचंय. सरांची शिफारस लागणार. समजून घे ना."

मी समजून घेतलं. म्हणजे तिची गोष्ट मला नीट समजली. त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही.

प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला आणि ऐच्छिक विषय बदलून देतो म्हणाले. सोपा पेपर, चांगले मास्तर. मी नको म्हटलं. विषयानं माझं काही बिघडवलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभर मी ली ग्रुप्सच्या एकाही तासाला बसले नाही. पुस्तकासाठी पुण्याला गेले. तिथल्या वाचनालयात बसून ते वाचलं, जाऊन येऊन, जमेल तेवढं. त्या प्रश्नाची पुस्तकातली सिद्धताही पाहिली. सुंदर आहे. माझी तिच्याहून लांब आहे, पण चूक नाही. पेपर दिला. गृहपाठाचे सगळे गुण शून्य धरले गेले. पहिला वर्ग गेला. पहिला वर्ग नाही म्हणून संशोधन गेलं. वैदेही संशोधनाला गेली.

मला सटाण्याला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. अकरावी-बारावीला शिकवते. ली ग्रुप्स तिथे कुणाला लागत नाहीत.

नाशिकला गेले की जुने लोक म्हणतात, झालं गेलं, सर आता थकलेत, तुझं तरी काय वाईट झालं, पगार आहे. वाईट काय झालं ते मला माहीत आहे. माझ्याकडून जे व्हायचं होतं ते होऊ दिलं नाही. ते पगारानं भरून येत नाही आणि येतं असं मी म्हणणार नाही.

तक्रारीला उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिली. मग विद्यापीठाला दिली. दरवर्षी निकालाच्या दिवशी देते. त्यात सरांचं नाव लिहिते, तास लिहिते, 'तुमच्यात'चं ते वाक्य जसंच्या तसं लिहिते. त्यात विनंती नसते. सर निवृत्त होतील तेव्हाही देईन. ते नसतील तेव्हा त्यांच्या खुर्चीत जो असेल त्याला देईन. मी माफ केलेलं नाही. करणार नाही. एकदा तरी त्यांना लिहावं लागेल, की चूक कुणाची होती.