उन्हात न दिसणारं बटण

परवा तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात, भर दुपारी, मी एका बटणासाठी भांडले. आवाज न चढवता भांडले, पण भांडलेच.

व्यवसायाने मी ॲपच्या स्क्रीन डिझाइन करते. आमचं ऑफिस ऐरोलीला. या कारखान्यासाठी आम्ही एक ॲप करतोय... टँकर रिकामे करण्याच्या यार्डात गॅसगळती झाली, तर तिथल्या माणसाने एक बटण वापरायचं आणि सगळीकडे भोंगा वाजायचा. आत मोबाईल नेता येत नाही, तो गेटवरच जमा होतो. म्हणून यार्डात खांबांवर कंपनीचे, हातमोज्यातही चालणारे टॅब्लेट बसवलेत.

माझा टीम लीड निखिल. हुशार मुलगा, पण ट्रेंडवेडा. सध्या स्क्रीनवर काचेची फॅशन आहे. बटणं धुरकट काचेसारखी अर्धपारदर्शक, अक्षरं बारीक आणि फिकट, शब्द काढून टाकून नुसती चिन्हं, आणि दाबण्याऐवजी बोटाने सरकवणं. निखिलने गळतीचं बटणही तसंच केलं... गडद पार्श्वभूमी, त्यावर काचेची पट्टी, त्यात एक नाजूक थेंब.

मी दुसरं केलं होतं. पांढऱ्या स्क्रीनवर तळहाताएवढा लाल चौकोन, त्यात ठसठशीत अक्षरं : गॅस गळती. खाली, दाबून धरा.

"संज्योत, हे फारच जुनाट वाटतंय गं," निखिल म्हणाला. "लोक आपल्याला हसतील."

एक गोष्ट स्पष्ट करते. ट्रेंडशी माझं वैर नाही, उलट या विषयात मला अतोनात रस आहे. गाण्याच्या ॲपवर ती काच मलाही मोहात पाडते, कारण तिथे तुम्ही निवांत असता. पण काचेचं एक शास्त्र आहे. अक्षर वाचता येतं ते त्याच्या आणि मागच्या रंगातल्या फरकामुळे, आणि काच नेमका तोच फरक पुसत नेते. खोलीत आपल्याला ते जाणवत नाही. उन्हात मात्र पडद्यावर बाहेरचा उजेड सांडतो आणि उरलासुरला फरकही धुऊन निघतो.

निखिलचा एक मुद्दा मात्र अगदी रास्त होता. नुसतं दाबायचं बटण ठेवलं, तर चुकून धक्का लागून भोंगा वाजेल. म्हणूनच मी 'दाबून धरा' ठेवलं होतं... बोट टेकवून धरलं की चौकोनाभोवती पांढरी कड भरत जाते, पूर्ण भरली की इशारा जातो. धक्क्याने वाजत नाही, आणि सरकवण्याची कसरतही नाही.

तर परवा प्रेझेंटेशन. थंडगार कॉन्फरन्स रूम, पडदे ओढलेले, भिंतीवर मोठी स्क्रीन. निखिलची काच झळकली आणि कारखान्याचे मालक, ज्यांना तिथे सगळे साहेब म्हणतात, खूश झाले. "वा! एकदम फॉरेन!"

निखिलने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मंजुरीचा कागद पुढे सरकला...

आणि मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, सही जरूर करा, पण यार्डात करा. हातमोजे घालून.

"आता कशाला ऊन खायचं?" निखिल कुजबुजला. मी त्याला म्हटलं, ज्याला हे बटण लागेल तो उन्हातच उभा असेल. आपण एसीत बसून त्याच्या वतीने पसंती देणं मला मान्य नाही. असंच ठरणार असेल, तर या स्क्रीनवर माझं नाव नको.

तेवढ्यात भोईर मॅडम उठल्या. त्या कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसर, इथल्याच खाडीकाठच्या गावच्या. त्यांनी साहेबांपुढे हेल्मेट आणि मोजे आणून ठेवले.

यार्डात साहेब टॅब्लेटसमोर उभे राहिले. डोळे बारीक केले. मान तिरकी केली.

"अहो, यात तर माझंच थोबाड दिसतंय!"

भोईर मॅडम एरवी मोजून मापून बोलतात, पण त्यांना हसू आवरेना आणि गावची बोली बाहेर पडली. "साहेब, आरसा बेस हाय. हेल्मेट वाकडा हाय तुमचा, नीट करून घ्या."

साहेबही हसले. मग त्यांनी पट्टी सरकवायला घेतली. जाड मोज्यातलं बोट मध्येच निसटलं आणि पट्टी परत जागेवर गेली. पुन्हा प्रयत्न... पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला हसणारं कुणी उरलं नव्हतं. साहेबांनी मागे वळून उभ्या असलेल्या टँकरकडे पाहिलं.

मी माझी स्क्रीन उघडली. लाल चौकोन दुरूनही दिसत होता. साहेबांनी बोट टेकवलं, कड भरत गेली, आणि चाचणीचा भोंगा वाजला.

"सरकारी बोर्डासारखं दिसतंय हो हे," ते नाक मुरडून म्हणाले. मी म्हटलं, होय साहेब, म्हणूनच वाचता येतं.

सही झाली. पण माणूस हौशी! "यार्डात हे राहू दे. माझ्या केबिनमधल्या स्क्रीनवर मात्र ते काचेचंच ठेवा." ठेवलं. केबिनमध्ये ऊन येत नाही.

परतताना गाडीत निखिल म्हणाला, "हे काही पोर्टफोलिओत टाकता येणार नाही."

नाही टाकलं तरी चालेल. जे पाहून डिझायनर मंडळी वाहवा करतील असं काम मी पुन्हाही करेन, आनंदाने करेन. पण जिथे कुणाचा श्वास अडकलेला असेल, तिथे मी जुनाटच राहणार. खुशाल हसा.

आणि भोईर मॅडम, ते मोजे वेळेवर आणल्याबद्दल मनापासून आभार. ते बटण वापरायची वेळ कुणावरही न येवो... पण आलीच, तर ते शोधावं लागणार नाही.