चुलीचं माप

आरमोरीला आमच्या शेजारी एक विधवा बाई राहायची. घरात माणूस वाढलं की ती मातीची चूल मोडून मोठी करायची, कमी झालं की लहान. जास्तीचं भांडं ज्याला हवं त्याला देऊन टाकायची. बोलताना हातातलं काम कधी थांबवायची नाही. मी तेव्हा नवी नवरी, रुखवतातली भांडी रोज घासून फळीवर मिरवणारी मोठी शहाणी! मला ती वेडसरच वाटायची.

तिचा एकुलता मुलगा रेल्वेत लागला आणि बायकोपोरांना घेऊन वरोऱ्याला गेला. आता ही एकटी कशी राहणार, म्हणून मी घरूनच डोळे ओले करून सांत्वनाला निघाले. बघते तर मोठी चूल मोडलेली, आणि बाई अंगणात नव्या चुलीसाठी चिखल तुडवतेय.

"मावशी, इतक्यात काऊन मोडली? तो वापस आला तं?"

"आला तं मोठी करू. माती काई पळून नाई जात."

बोलता बोलता तिचा आवाज फाटला. मग मला खरंच रडू आलं. तिनं माझा हात धरून मला चिखलात ओढलं.

"रडाचं असन तं रड, पोरी. पण पाय चालू ठेव."

दोघीही पोटभर रडलो. चिखल मात्र लोण्यासारखा झाला.