बूड टेकून पकडापकडी

ठकीची आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दुकानाचं शटर वर गेलं की उभी ती उभीच. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांच्या शिरा तटतटून फुगायच्या. मालकीणबाईंनी एकदा स्टूल पुढे सरकवलं, तर म्हणाली, "बसलं की घडी वाकडी पडते." खरं कारण वेगळंच होतं. पोटची पोर उभी राहावी म्हणून जिने इतकी वर्षं जिवाचं रान केलं, तिला स्वतः बसायचं म्हटलं की अपराध्यासारखं वाटायचं.

ठकीचे पाय जन्मापासून लुळे. लहानपणी ती बसल्या बसल्या हातांच्या जोरावर घरभर सरकायची. येणारे-जाणारे "अरेरे" म्हणायचे आणि आईच्या काळजात चर्र व्हायचं. मग ऑपरेशनं झाली, पायांना आधाराचे कॅलिपर आले, कुबड्या आल्या. इस्त्रीच्या टेबलाची कड धरून ठकी पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे बघण्याच्या नादात आईने गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला. त्या दिवसापासून घरात एकच कायदा, जमिनीवर सरकायचं नाही.

"सारखं उभं ठेवून मला काय भिंत करतेस का गं?" ठकी कुरकुरायची.

"भिंत परवडली. ती उलट उत्तरं तरी देत नाही."

शाळेत खेळाच्या तासाला ठकी लिंबूटिंबू असायची. तिला कुणी बाद करायचं नाही, तिच्यावर कधी राज्य यायचं नाही. खेळात होती म्हणायचं, इतकंच. एकदा केस विंचरून घेताना तिने विचारलं, "आई, लिंबूटिंबू मोठं कधी होतं गं?"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी आईने खेळाच्या बाईंना गाठलं. "तिला खरं खरं खेळात घ्या ना, बाई. हरली तरी चालेल."

बाई हसल्या. "बघते काहीतरी."

त्यानंतर खेळाच्या तासाच्या दिवशी ठकी मळलेले कपडे आणि लालबुंद तळहात घेऊन घरी येऊ लागली.

"पडलीस का?"

"छे. राज्य आलं होतं माझ्यावर." हे ती अशा थाटात सांगायची, जणू खरोखरचं राज्यच मिळालं होतं. कसला खेळ ते मात्र सांगायची नाही. आईनेही खोदून विचारलं नाही. मनातल्या मनात बाईंना हात जोडले आणि फ्रॉक भिजत घातला.

मग एक दिवस मालकीणबाईंनी शाळेचे धुतलेले पडदे पोचवायला तिलाच पाठवलं. गठ्ठा काखोटीला मारून ती फाटकातून आत शिरली आणि जागीच थिजली. अख्खा वर्ग जमिनीवर बसला होता. पोरंपोरी बूड टेकून, हातांनी रेटत, पाय फरफटवत सरकत होती, हसत होती. आणि मधोमध ठकी. तिचे कॅलिपर भिंतीशी काढून ठेवलेले.

गठ्ठा कुठे पडला ते आईला कळलंही नाही. ठकी पुढे झेपावून वर्गातल्या सगळ्यात उंच पोराचा घोटा धरणार, तेवढ्यात आईने तिला काखेत हात घालून उचललं.

"लाज नाही वाटत रे? माझ्या पोरीची नक्कल करता?"

"मावशी, खेळतोय आम्ही," उंच पोरगा खालूनच म्हणाला. "तिच्यावर राज्य आहे."

पण ते आईच्या कानांत शिरलंच नाही. मुख्याध्यापिका बाहेर आल्या तेव्हा ती हमसून हमसून रडत होती. "हिला जमिनीवरून उठवायला मी हाडं झिजवली, आणि यांनी पुन्हा खाली बसवली."

खेळाच्या बाई काही बोलणार होत्या. आईच्या खांद्यावर तोंड लपवलेल्या ठकीकडे पाहून त्यांनी नुसते कॅलिपर आणून दिले.

रात्री जेवताना ठकी म्हणाली, "धरला होता मी त्याला. सगळ्यांत जोरात मीच सरकते. त्यांचे हात दुखतात लगेच."

आईने तिचा डावा तळहात उलगडून पाहिला, अजून लालबुंद होता.

सकाळी शाळा उघडायच्या आधीच ती मुख्याध्यापिकांच्या दारात उभी. "चुकलं माझं. समजलंच नाही मला. तो खेळ चालू द्या."

"तुमच्या एकटीमुळे नाही हो. कपडे मळतात म्हणून बाकीचे पालकही भांडत होतेच. काल सगळ्यांना सांगून टाकलं, तो खेळ बंद. आता परत फिरवता येणार नाही."

बाहेर खेळाच्या बाई भेटल्या. "दुसरं काहीतरी शोधते मी," म्हणाल्या. "पण ठकीच्या आई, असा खेळ रोज सुचत नाही."

त्या संध्याकाळी आईने पलंग भिंतीला सरकवला, साडी खोचली आणि फरशीवर बसकण मारली. "चल, पकड बघू मला."

ठकीने कुबड्या सोडल्या नाहीत. "नको. तू मुद्दाम सापडशील."

पुढे पाऊस येऊन गेला, परीक्षा झाली. बाईंना अजून काही सुचलेलं नाही. खेळाच्या दिवशी शाळा सुटून ठकी दुकानात आली की आई न चुकता विचारते, "आज काय केलंस?"

"सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या," ठकी सांगते. "एकही हरवू दिली नाही."

"शहाणी गं माझी," आई म्हणते, आणि इस्त्री गरम झाली का ते बघायला पाठ फिरवते. ठकीच्या आवाजात तक्रार नसते. तक्रार असती, तर आईला जरा सोपं गेलं असतं.